टॉमी गॉडविन, १९३९: एका वर्षात ७५,०६५ मैल. मोजले कसे, सायकल कोणती?

आरा_आणि_रिम

नमस्कार मंडळी. सायकल क्लबच्या खोलीत लावायला ब्रिटिश सायकलस्वार टॉमी गॉडविनवर एक तक्ता करायचा आहे. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर १९३९ या वर्षात त्याने सायकलवर ७५,०६५ मैल केले, म्हणजे १,२०,८०५ किमी. आकडा सगळीकडे सापडतो, पण त्यामागची माहिती एकमेकींशी जुळत नाही. जाणकारांकडून चार गोष्टी पक्क्या करून हव्या आहेत.

त्या काळात जीपीएस नव्हतं, मग एवढं अंतर मोजलं कसं आणि लोकांनी मान्य का केलं? सायकलबद्दल कोणी फिक्स्ड (एकच गिअर, चाकाबरोबर पायडलही फिरणारं) म्हणतं, कोणी डीरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा), कोणी हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात बसवलेले गिअर. खरं काय? काही ठिकाणी त्याच्या नावापुढे ऑलिंपिकची दोन ब्राँझ पदकं लिहिलेली दिसतात, ती त्याचीच का? आणि सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाल्यावर त्याच्या रोजच्या मैलांवर किती परिणाम झाला?

तक्त्याशेजारी जुना तीन गिअरचा हब उघडून मांडायचाही विचार आहे. आत काय असतं आणि ते कसं चालतं, हे शाळकरी मुलांना कळेल असं कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

चेनस्टे

आधी पदकांचं, कारण ही चूक तक्त्यावर गेली तर कायमची राहील. टॉमी गॉडविन दोन आहेत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर दोन ब्राँझ मिळवणारा थॉमस चार्ल्स गॉडविन १९२० मध्ये अमेरिकेत, कनेटिकटला जन्मला आणि २०१२ मध्ये वारला. तुमचा गॉडविन १९१२ चा, स्टोक-ऑन-ट्रेंटचा. इंग्लंडमधला हा परिसर कुंभारकामासाठी ओळखला जातो, म्हणून त्याला 'पॉटरीज' म्हणतात. दोघांचं नातं काही नाही. फोटो शोधताना जास्त जपा. ट्रॅकवरच्या, गिअर नसलेल्या सायकलीवरचा फोटो दिसला की बहुधा तो दुसरा असतो. आपल्याला हवा तो दिवा, पंप आणि पिशवी लावलेल्या रस्त्यावरच्या सायकलीचा.

आपल्या गॉडविनचं नाव या विक्रमाच्या आधीही होतं. टाइम ट्रायलमधला, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतींतला तो तगडा माणूस. १९३३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोत्तम अष्टपैलू क्रमवारीत तो सातवा आला होता. ही क्रमवारी ५० मैल, १०० मैल आणि १२ तास या तीन शर्यतींच्या सरासरी वेगावर ठरायची आणि त्याची सरासरी ताशी २१.२५५ मैल होती. हे तक्त्यावर जरूर घ्या. नाहीतर वर्षभर सायकल चालवणं म्हणजे रमतगमत भटकणं, असा समज होतो.

विक्रमाची परंपराही दोन ओळींत सांगण्यासारखी आहे. १९११ मध्ये 'सायकलिंग' साप्ताहिकाच्या स्पर्धेत मार्सेल प्लान्सने ३४,३६६ मैल केले. मग १९३२ मध्ये आर्थर हम्बल्स ३६,००७, १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा ऑसी निकल्सन ४३,९६६, १९३६ मध्ये ब्रॅडफर्डचा वॉल्टर ग्रीव्ह्ज ४५,३८३. ग्रीव्ह्जला एकच हात होता, हे माझ्या मते तक्त्यावर ठळक यायला हवं. १९३७ मध्ये हा विक्रम पुन्हा पुन्हा मोडला गेला आणि शेवटी निकल्सनने तो ६२,६५७ मैलांवर नेऊन ठेवला. गॉडविनला गाठायचा होता तो हा आकडा.

१ जानेवारी १९३९ ला पहाटे ५ वाजता तो निघाला. त्याच दिवशी एडवर्ड स्वान आणि बर्नार्ड बेनेट हे आणखी दोघं ब्रिटिश निघाले होते. स्वान ९३९ मैलांवर पडला आणि संपला. बेनेट मात्र वर्षभर टिकला.

मैलाचा_दगड

मोजणीबद्दल. तुमच्यापैकी जे बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी करतात त्यांना ही पद्धत लगेच कळेल, कारण तिथल्या ब्रेव्हे कार्डाचीच, म्हणजे वाटेतल्या नोंदींच्या कार्डाचीच ही जुनी भावंडं. सायकलला मैलमापक लावलेला असायचा आणि सोबत छापील कार्डं असायची. वाटेत भेटलेल्या माणसाने त्यावर सही करायची आणि कार्ड 'सायकलिंग' साप्ताहिकाकडे पोचवायचं. आधीच्याच वर्षी, १९३८ मध्ये, बिली डव्हीने महिलांसाठी २९,६०३ मैलांचा विक्रम केला, तोही असाच रोजच्या कार्डांवर. म्हणजे मैलमापकाने अंतर सांगायचं आणि सह्यांनी माणूस खरंच तिथे होता हे सांगायचं. दोन्ही जुळलं तरच हिशेब धरला जायचा.

त्या काळचा मैलमापक मुलांना दाखवाच, फार सुंदर वस्तू आहे. पुढच्या चाकाच्या ॲक्सलला घट्ट केलेली छोटी गोल डबी, बाजूला पाच टोकांची चांदणी. एका आऱ्यावर लहानसा ठोकर बांधलेला असतो. चाकाचा एक फेरा झाला की ठोकर चांदणीचं एक टोक ढकलतो आणि 'टक्' असा आवाज येतो. पाच फेऱ्यांत चांदणी एकदा फिरते आणि आतल्या दात्यांच्या साखळीतून आकड्यांची चक्रं सरकतात. चार्ज करायचं नाही, बॅटरी नाही.

आता चुका कुठे होतात ते बघा. डबी चाकाच्या मापाप्रमाणेच घ्यावी लागते. २६ इंची चाकाला मैलाला सुमारे ७७६ फेरे लागतात, २८ इंचीला ७२०. २८ ची डबी २६ च्या चाकाला लावली तर ती जवळजवळ पावणेआठ टक्के जास्त दाखवेल. मोजणीतली ही सगळ्यांत मोठी चूक, पण पकडायला सगळ्यांत सोपी.

दुसरी चूक हवेची. टायर दबला की ॲक्सल जमिनीच्या जवळ येतं, चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे घेतं आणि आकडा फुगतो. ३३० मिमी त्रिज्येत ३ मिमी दब म्हणजे ०.९ टक्के. ७५,०६५ मैलांवर हा फरक ६८० मैलांच्या आसपास जातो. ऐकायला मोठा वाटतो, पण गॉडविन निकल्सनच्या पुढे १२,४०० मैलांहून जास्त गेला होता. अशी चूक रोज झाली असती तरीही विक्रमाला धक्का लागत नाही. कोणी शंका काढली तर हेच गणित पुढे करा.

तिसरी चूक उलट्या बाजूची. ठोकर सैल होऊन आऱ्यावर सरकला की चांदणीचं टोक चुकवतो आणि मैल कमी भरतात. 'टक्' ऐकू येईनासं झालं की उतरून बघायचं.

घरी पडताळायचं असेल तर व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा, स्वार सीटवर बसवा, सरळ रेषेत दहा फेरे चालवा, पुन्हा खूण करा, टेपने मोजा, दहाने भागा. स्वार बसलेला हवाच, रिकाम्या सायकलीचं माप उपयोगाचं नाही.

ओव्हरऑइलिंग

सायकल कोणती, याचं उत्तर दोन भागांत आहे. पहिले काही महिने त्याच्या पाठीशी ले सायकल्स ही छोटी कंपनी होती. एवढा खर्च पेलणं तिला जड जाऊ लागलं आणि मे महिन्याच्या सुमारास रॅले या सायकल कंपनीने आणि हबमधले गिअर बनवणाऱ्या स्टर्मी-आर्चरने जबाबदारी घेतली. त्यानंतर चार गिअरचा स्टर्मी-आर्चर हब. पूर्ण सायकल ३० पौंडांहून जड, म्हणजे साधारण १४ किलो. फ्रेम पोलादी. आज बीआरएमला लोक आठ-नऊ किलोची सायकल आणतात, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवा.

डीरेलर तेव्हा होते. १९३७ च्या टूर द फ्रान्समध्ये त्यांना परवानगीही मिळाली होती. पण इंग्लंडच्या हिवाळ्यात वर्षभर, रोज, पावसा-चिखलात चालवायचं तर हबमधल्या गिअरचा फायदा उघड आहे. दाते बंद डब्यात तेलात असतात, त्यांना चिखल लागत नाही. चेन कायम एकाच सरळ रेषेत पळते, त्यामुळे कमी झिजते. थांबलेल्या सायकलीवरही गिअर बदलता येतो. या सोयीची किंमत म्हणजे वजन आणि दात्यांमध्ये वाया जाणारी थोडी ताकद. रोज ३३१ किमी करणाऱ्याने ही किंमत का मोजली, हे मला पूर्ण पटतं. त्याला एका दिवशी वेगात जायचं नव्हतं, एकही दिवस चुकवायचा नव्हता.

आता उघडून मांडायच्या हबबद्दल. स्टर्मी-आर्चरचा एडब्ल्यू हा तीन गिअरचा हब घेतलात तर उत्तम, तो समजायला सगळ्यांत सोपा. मध्ये ॲक्सलवर पक्का बसलेला २० दात्यांचा सन पिनियन, म्हणजे मधलं छोटं दातेचक्र असतं. भोवती २० दात्यांचे चार प्लॅनेट, म्हणजे सनभोवती फिरणारी चक्रं, एका पिंजऱ्यात. त्यांच्याभोवती ६० दात्यांची आतून दाते असलेली रिंग. सन कधीच फिरत नाही, सगळी गंमत त्यातच आहे.

वरच्या गिअरमध्ये चेन पिंजऱ्याला फिरवते. प्लॅनेट स्थिर सनवर गडगडतात आणि रिंग पिंजऱ्यापेक्षा जोरात पळते. किती? २० भागिले ६०, म्हणजे एक तृतीयांश जास्त. हबचं बाहेरचं कवच रिंगला धरतं, चाक १.३३ पट फिरतं. मधल्या गिअरमध्ये चेन रिंगलाच फिरवते आणि रिंग कवचाला, म्हणजे एकास एक. खालच्या गिअरमध्ये चेन रिंगला फिरवते, पण कवचाला फिरवतो पिंजरा, आणि तो रिंगच्या तीन चतुर्थांश वेगाने चालतो. कोणी कोणाला धरायचं हे ठरवतात केबलने सरकणारा क्लच आणि फ्रीव्हीलमध्ये असतात तसे कुत्रे, म्हणजे स्प्रिंगवरचे छोटे खटके. चार गिअरच्या हबमध्ये याच रचनेत आणखी एक सन पिनियन आणि दोन पायऱ्यांचे प्लॅनेट येतात.

मुलांना पटवायचं असेल तर हबच्या कवचावर एक खूण करा आणि स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन बसते त्या मागच्या दातेचक्रावर एक. स्प्रॉकेट तीन वेळा फिरवा. वरच्या गिअरमध्ये कवचाचे चार फेरे मोजून मिळतात. मधल्यात तीन, खालच्यात सव्वादोन. बोलून समजावण्यापेक्षा हे लवकर कळतं.

उघडण्याआधी मोठा ताट किंवा पांढरा कपडा खाली घ्या. कुत्र्यांच्या स्प्रिंगा केसासारख्या बारीक असतात, उडाल्या की सापडत नाहीत. भाग काढाल त्याच क्रमाने मांडा. परत बसवताना उजवा कोन, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या ज्यावर फिरतात तो निमुळता नट, हाताने टेकेपर्यंत घट्ट करून अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि तसाच लॉक करायचा. बेअरिंगची पुढची सगळी जुळवणी डाव्या कोनाने. उजव्याशी खेळलात तर गिअर जुळत नाहीत.

आरा_आणि_रिम

फार सुंदर माहिती, मनापासून आभार. हबबद्दल एक विचारायचं राहिलं. अशा हबमध्ये मधून वरच्या गिअरवर जाताना पायडल एकदम मोकळं फिरतं असं ऐकलं आहे. मुलांच्या हातात सायकल द्यायची तर हे धोक्याचं वाटतं. दाते झिजल्यामुळे होतं का?

ओव्हरऑइलिंग

बहुतेक वेळा दाते ठणठणीत असतात, केबलची लांबी चुकलेली असते. एडब्ल्यूमध्ये मधल्या आणि वरच्या गिअरच्या मध्ये एक अशी जागा आहे जिथे क्लच ना रिंगला धरतो ना पिंजऱ्याला. केबल थोडी सैल असली की मधला गिअर या जागेच्या काठावर बसतो आणि उभं राहून जोर दिला की सुटतो. चढावर हे झालं तर माणूस हँडलवर आदळतो, म्हणून सायकल हातात देण्याआधी तपासा.

लीव्हर मधल्या गिअरवर ठेवा. उजव्या नटाच्या बाजूला भोक असतं, त्यातून आतला दांडा दिसतो. छोट्या साखळीला लागून असलेला हा दांडा ॲक्सलच्या टोकाशी बरोबर समतल हवा. आत गेलेला असेल तर केबल घट्ट करा, बाहेर आला असेल तर सैल सोडा, मग लॉकनट आवळा. लीव्हर तिन्ही जागी फिरवून पुन्हा मधल्यावर आणा आणि परत बघा, नवी केबल असेल तर ती ताणते. ही तपासणी एडब्ल्यूची आहे, चार गिअरच्या हबला जशीच्या तशी लावू नका.

केबल तुटली तर हब आपोआप वरच्या, म्हणजे जड गिअरवर जातो. घाटात अशी वेळ आली तर छोटी साखळी ओढून तारेने बांधून ठेवता येते, तेवढ्यावर घर गाठता येतं.

तेल. कवचावर झाकणाचं भोक असतं, त्यातून पातळ इंजिन तेलाचे काही थेंब, नियमित. खोबरेल कधीही घालू नका, थंडीत थिजतं आणि कुत्रे चिकटून बसतात. कुत्रे चिकटले की पुन्हा तोच परिणाम, पायडल मोकळं. ग्रीस फक्त बेअरिंगला, कुत्र्यांना लावू नका.

ब्लॅकआउट_दिवा

युद्धाबद्दल मी लिहितो. परिणाम किती, याचा ढोबळ अंदाज दोन तारखांवरून येतो.

सुरुवात थंड आणि मंद होती. पहिल्या दोन महिन्यांत तो निकल्सनच्या वेळापत्रकाच्या ९२२ मैल मागे होता. मग त्याने रोजची सरासरी २०० च्या वर नेली. २१ जूनला, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी, ३६१ मैल, म्हणजे ५८१ किमी. आपण ज्या ६०० च्या बीआरएमला ४० तास धरतो, जवळजवळ तेवढं अंतर एका दिवसात. २६ ऑक्टोबरला तो लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात पोचला तेव्हा ६२,६५८ मैल झाले होते आणि निकल्सनचा विक्रम एका मैलाने मागे पडला. तो दिवस वर्षातला २९९ वा. म्हणजे तोपर्यंतची सरासरी २०९ मैलांच्या वर.

पुढच्या ६६ दिवसांत आणखी १२,४०७ मैल झाले, सरासरी १८८. फरक रोजचा एकवीस-बावीस मैलांचा. एवढाच का, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. १ सप्टेंबरच्या संध्याकाळपासून ब्लॅकआउट होता. रस्त्यावरचे दिवे बंद, खिडक्यांना काळे पडदे. सायकलच्या दिव्याची काच त्याने पट्टीने झाकली होती, नुसती धुगधुगी उरेल एवढीच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इंग्लंडात उजेड जेमतेम आठ-नऊ तास असतो. १८८ मैलांना ताशी १७ मैल धरले तरी सीटवर अकरा तास लागतात. म्हणजे रोज निदान दोन-तीन तास तो असा चालवत होता की पुढचा खड्डा चाक आत गेल्यावरच कळावा. ब्लॅकआउटमध्ये ब्रिटनमधले रस्त्यावरचे मृत्यू वाढले होते, हे लक्षात घेतलं की धोका किती होता ते कळतं.

३१ डिसेंबरलाही तो थांबला नाही. लाख मैलांचा विक्रम समोर होता. मे १९४० मध्ये, ५०० दिवसांत, तोही झाला. १९४० चा जानेवारी तिकडे अतिशय कडाक्याचा होता, शिवाय ८ तारखेपासून लोणी, साखर, बेकन रेशनवर गेलं. तो शाकाहारी होता, त्यामुळे बेकनचा प्रश्न नव्हता, लोणी आणि साखरेचा होता. उरलेले २४,९३५ मैल त्याने रोज सुमारे १८५ च्या चालीने केले. नंतर नीट चालायला पुन्हा शिकण्यात काही आठवडे गेले आणि मग तो हवाई दलात दाखल झाला.

अजून एक बारकावा. शॅमॉय चामड्याचं अस्तर असलेल्या चड्डीऐवजी तो रेशमी चड्डी वापरायचा. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. शॅमॉय भिजून वाळलं की कडक होतं आणि घासतं, रोज बारा तास बसणाऱ्याच्या कातडीला ते परवडत नाही. रेशीम लवकर वाळतं आणि घासत नाही.

चेनस्टे

ब्लॅकआउट_दिवा यांच्या प्रतिसादाला जोडून. युद्धानंतर त्याला पुन्हा हौशी म्हणून शर्यतीत उतरायचं होतं. पण विक्रमासाठी कंपनीचे पैसे घेतले म्हणून तो व्यावसायिक ठरला होता आणि त्या काळच्या नियमानुसार व्यावसायिकाला परत हौशी होता येत नसे. ७५ सायकलस्वारांनी त्याच्यासाठी सह्यांचा अर्ज केला, तरी बंदी उठली नाही. माझ्या मते हा त्याच्यावर झालेला सरळ अन्याय होता. पुढे तो स्टोन व्हीलर्स या क्लबच्या मुलांना शिकवत राहिला. १९७५ मध्ये मित्रांबरोबर टटबरी किल्ल्यापर्यंत सायकल फेरी करून परतताना तो गेला, वयाच्या ६३ व्या वर्षी.

'अजून अबाधित' असं मात्र लिहू नका. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या कर्ट सरव्होगेलने ७६,०७६ मैल केले आणि २०१७ मध्ये अमांडा कोकरने ८६,५७३. कोकरचे बरेचसे मैल फ्लोरिडातल्या एका उद्यानातल्या गोल फिरून येणाऱ्या सपाट रस्त्यावरचे आहेत, गॉडविनचे उघड्या रस्त्यावरचे. तुलना करायची तर हे दोन्ही लिहा, तिचं श्रेय कमी न करता.

आरा_आणि_रिम

ठरलं. पदकांची ओळ काढली. २६ ऑक्टोबरचा रकाना वेगळा करतो. 'रोज ३३१ किमी' हे मुलांना कसं सांगावं, एवढं सुचवा.

मैलाचा_दगड

पुणे ते मुंबई, परत पुणे, आणि वर आणखी तीस किमी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तक्त्याखाली एक पायडल ठेवा आणि सोबत हा हिशेब लिहा: ४६ दात्यांचं पुढचं चक्र, १८ चं मागचं, २६ इंची चाक, मधला गिअर. पायडलच्या एका फेऱ्यात ५.३ मीटर. ३३१ किमीला ६२,००० हून जास्त फेरे, दिवसाला. दाते उदाहरणादाखल घेतले आहेत असंही लिहा, त्याच्या सायकलचे म्हणून नको. आणि २६ ऑक्टोबरच्या रकान्यात तारखेबरोबर दिवसही टाका: २९९ दिवस, २०९ मैल, पुढे ६६ दिवस, १८८ मैल.